सोमवारी आलेले पाहुणे

आमच्या चिसांगा गावच्या दवाखान्याची दर्शनी भिंत आतापर्यंत सात वेळा रंगवून झाली आहे. दर ऑगस्टात परदेशातल्या कुठल्यातरी चर्चची मंडळी सेवेसाठी येतात, दोन आठवडे राहतात, आणि येताना रंगाचे डबे घेऊन येतात. भिंतीचा पोपडा निघाला की आत पिवळा, त्याच्या आत फिकट जांभळा, त्याच्याही आत शेवाळी असे थर दिसतात. वॉर्डात माझ्या हाताखाली काम करणारी न्यामुंथाली म्हणते, "उद्या विटा विरघळल्या तरी ही भिंत नुसत्या रंगावर उभी राहील."

म्हणून त्या वर्षी अमेरिकेतल्या आयोवाहून हॅवरकॅम्प नावाचं कुटुंब येणार असं पत्र आलं, तेव्हा मी भिंतीजवळचं बाकडं आधीच हलवून ठेवलं.

मी योलाम लोंग्वे. पदानं वैद्यकीय सहायक. लोक डॉक्टर म्हणतात, आणि त्यांना दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलंय. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या पश्चिम काठावर, जिथं डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि रस्त्याला जागाच उरत नाही, तिथं मी बावीस वर्षं काढली. ताप मोजायचा, नाडी मोजायची, वेळ लिहून ठेवायची, ही माझी सवय. पुढे जे सांगणार आहे तेही वार धरूनच सांगतो, कारण त्याखेरीज त्यात धरायला दुसरं काही नाही.

लशींचा डबा आणायला मी सोमवारी पहाटे बोटीनं न्खाता बे ह्या बंदराला गेलो. डबा यायला दोन दिवस लागले. बुधवारी संध्याकाळी हॅवरकॅम्प कुटुंब मोटारीनं तिथं पोचलं. मंगळवारी दुपारी त्यांचं विमान राजधानी लिलाँग्वेला उतरलं होतं. तारखेचा शिक्का मी स्वतः पाहिला, कारण धक्क्यावरच्या पोलिसानं त्यांचे पासपोर्ट वाचायला माझ्याच हातात दिले.

तिघं होती. डेल हा शेतकरी गडी, ट्रॅक्टरच्या आवाजानं एक कान अधू झालेला, त्यामुळे मान सतत तिरकी. त्याची बायको जोलीन, एकोणीस वर्षं सुईणीचं काम केलेली नर्स, अंगानं लहान आणि हातानं चपळ. मुलगी ग्रेटा, चौदा वर्षांची, उंच, अबोल. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही लवमोरच्या बोटीत बसलो. लवमोर आमच्या गावचा नावाडी. त्याच्या बोटीवर तेव्हा नारिंगी ताडपत्री असायची, त्यामुळे ती कोसभर लांबून ओळखू यायची.

वाटेत जोलीननं मला विचारलं, "तुमच्याकडे नक्की काय कमी आहे, मिस्टर लोंग्वे?"

"खरं सांगितलं तर वाईट वाटेल, सिस्टर."

"वाटू दे."

"भिंतीला रंग नकोय."

डेलनं चांगला कान पुढे केला. मग तो खांदे हलवत हसला. "रंग आणलेलाच नाही. घरी मी एकदा कोंबड्यांचं खुराडं रंगवलं होतं. कोंबड्या आत जाईनात."

मलाही हसू आलं. एवढ्या वर्षांत पाहुण्यांबरोबर बोटीत हसल्याचं मला आठवत नाही.

दुपारी दोनला आम्ही चिसांगाला लागलो. किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या, पण गात नव्हत्या. आमच्याकडे पाहुणा गाण्याशिवाय वाळूवर पाय ठेवत नाही. बोट लांब दिसली की सूर सुरू होतो. त्या दिवशी सगळ्या हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या नजरा बोटीतल्या माणसांवरून एकमेकींकडे जात होत्या.

न्यागोंडवे ही गावातली सगळ्यांत म्हातारी. मी तिच्याजवळ गेलो. "आजी, गाणं कुठं गेलं?"

"कितीदा गायचं, योलाम? सोमवारी गायलो की. माझा घसा अजून बसलाय."

"सोमवारी कोण आलं होतं?"

"हेच." तिनं हनुवटीनं जोलीनकडे खूण केली. "ही माझ्या पडवीत बसली होती. कसावाचा कंद सोलायला शिकवला मी तिला. बोट कापून घेतलं वेडीनं. बघू दे, भरलं का." आणि तिनं जोलीनचा डावा हात धरून उलटसुलट केला. अंगठ्याजवळच्या बोटावरून तिनं आपलं बोट दोनदा फिरवलं. तिथं काहीच नव्हतं. म्हातारीनं तिचा हात हलकेच सोडला आणि आपला हात कमरेच्या कापडाला पुसला.

मी भाषांतर केलं. डेल म्हणाला, "सोमवारी आलोच होतो, तर सामान वर नेऊन का नाही ठेवलं?" त्यावर बायका हसल्या आणि तो प्रसंग तिथं संपला.

न्यामुंथालीच्या बाबतीत मात्र तो संपेना. पाहुण्यांच्या खोलीत तिनं तीन खाटांवरच्या चादरी नव्यानं घातल्या होत्या. आधीच्या दोरीवर वाळत होत्या. "सोमवारी रात्री इथं झोपले," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी बघते तर खोली रिकामी. मला वाटलं, तुम्हाला गाठायला न्खाता बेला गेले."

"दुसरे कोणी असतील. गोरी माणसं आपल्याला सगळी सारखीच दिसतात."

"तुम्हाला दिसत असतील. त्या पोरीच्या डाव्या कानाला दोन भोकं आहेत, उजव्याला एक."

ग्रेटाचे केस मोकळे होते, बोटीत मला तिचे कान दिसलेच नव्हते. रात्री जेवायला बसताना तिनं केस वर बांधले. डाव्या कानाला दोन, उजव्याला एक. मी ताटातले उसिपा मासे मोजल्यासारखा खाली बघत राहिलो.

शुक्रवारी त्या कुटुंबानं मला चकित केलं, पण निराळ्या अर्थानं. कोणी कॅमेरा काढला नाही. जोलीन अर्धा दिवस वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. मग तिनं न्यामुंथालीला विचारलं, "तू जे करतेस ते मला शिकव. तुझ्या पद्धतीनं." डेलनं कोणाला न सांगता रुग्णांची भांडी घासली, मागच्या संडासाच्या खड्ड्यात चुना टाकला आणि जेवायला उशिरा आला. ग्रेटा कागदावर टुंबुका भाषेतले चाळीस शब्द लिहून आणून पाठ करत होती. तिनं न्यागोंडवेला नमस्कार घातला तेव्हा उच्चार चुकला आणि त्याचा अर्थ 'तुमची बकरी निजली का' असा झाला. म्हातारी तिला त्यानंतर रोज बकरीची खुशाली सांगायची.

शनिवारी आम्ही डोंगरावरच्या काल्वे गावी गेलो. दोन तासांची चढण. तिथला हातपंप चार महिने बंद होता आणि बायका ओढ्याचं पाणी भरत होत्या. डेलच्या पाठीवर अवजारं होती, खिशात ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. पंपाच्या आतली चकती त्यातून कापायची, असं त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं.

वर पोचलो तर पंपाचा आवाज येत होता. एक बाई पाणी भरत होती.

"कोणी दुरुस्त केला?" मी विचारलं.

तिनं डेलकडे बघितलं. "ह्यांनीच. परवा."

परवा म्हणजे गुरुवार. गुरुवारी आम्ही बोटीत होतो.

डेलनं पंप उघडला. आत काळ्या रबराची नवी चकती होती, आणि तिच्या कडेला पांढऱ्या आकड्याचा अर्धा भाग. त्यानं खिशातला तुकडा काढला. तो अखंड होता. त्याच्यावर तोच आकडा पूर्ण होता. त्यानं दोन्ही शेजारी धरले, तिरकी मान आणखी तिरकी केली.

"कापणारा हात माझाच आहे," तो म्हणाला. "मी असाच वाकडा कापतो."

जोलीन त्याच्याजवळ बसली. मग डेलनं चकती जागच्या जागी बसवली, झाकण लावलं आणि एकेक बोल्ट पान्यानं तपासला. चौथा ढिला होता. तो त्यानं घट्ट केला.

"मी घाईत असलो की हा चौथा राहतो," तो म्हणाला. "जो कोणी होता, त्याला घाई होती."

रविवारी आम्ही सगळे चिसांगाच्या चर्चमध्ये होतो. सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या गाण्यापर्यंत ती तिघं माझ्या डोळ्यांसमोर होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सोमवारी आम्ही मुलांची वजनं करायला चिपुंगा गावी गेलो.

तिथल्या बायका आंब्याच्या झाडाखाली मुलं घेऊन बसल्या होत्या, पण उठेनात. एकीनं मुलाची आरोग्य-पुस्तिका माझ्यापुढे धरली. "काल तर केलंत सगळं."

पुस्तिकेत रविवारची तारीख होती. समोर वजन. जोलीनची इंग्रजी सातच्या आकड्याच्या पोटातून आडवी रेघ मारायची सवय मी शुक्रवारीच पाहिली होती. पानावरच्या सातांना तशीच रेघ होती. मी एकामागून एक एकोणतीस पुस्तिका उघडल्या. जोलीन माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. मग बाह्या वर सारल्या. "काटा टांगा. पुन्हा करू."

"सिस्टर, कशाला?"

"माझं अक्षर आहे म्हणून मी केलेलं थोडंच आहे. पोरांची वजनं आहेत ही. चुकीची निघाली तर?"

एकोणतीस मुलांची वजनं आम्ही पुन्हा घेतली. एकही चुकीचं नव्हतं. पण त्या निमित्तानं ती झाडामागे बसलेल्या एका बाईकडे गेली. ती बाई आदल्या दिवशी पुढे आलीच नव्हती, लाजली होती. तिच्या पाठीवरचं मूल सुकून पानासारखं झालं होतं. जोलीननं त्याला तिथल्या तिथं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं दूध पाजत दोन तास बसली. ते मूल आज शाळेत जातं.

निघताना पुस्तिकावाल्या बाईनं मला हळूच विचारलं, "डॉक्टर, आज बोलताय. काल का गप्प होतात?"

"काल?"

"त्यांच्या मागे उभे होतात की. विचारलं तरी बोलला नाहीत. नुसते बघत होतात."

ग्रेटानं विचारलं, ती काय म्हणाली. "निरोप दिला," असं मी सांगितलं. बावीस वर्षांत मुद्दाम चुकीचं भाषांतर मी तेवढं एकदाच केलं.

मंगळवारी संध्याकाळी मी डेलला म्हटलं, "हवं तर लवमोर तुम्हाला उद्या परत सोडेल. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. जोलीन न्यागोंडवेच्या पडवीत कसावा सोलत होती, बोटाला जपत. "आम्हाला बोलावणं होतं," तो म्हणाला. "बोलावलेल्या घरी आपल्या आधी कोणी येऊन गेलं म्हणून कोणी परत फिरत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. ग्रेटा तीन रात्री आमच्या खाटेवर येऊन झोपतेय. पण कामं तर दिवसाच असतात."

बुधवारी पहाटे साडेपाचला कोंडवानी आला. झुंगा हे आमच्या उत्तरेचं गाव, मध्ये डोंगराची सोंड सरोवरात घुसलेली. बोटीनं सोंडेला वळसा घालून तासाभराची वाट, डोंगरावरून पाच तासांची. कोंडवानी डोंगरावरून धावत आला होता. गुडघे फुटले होते. त्याची बायको वेझी मध्यरात्रीपासून अडली होती, पहिलं मूल, आणि तिथली म्हातारी सुईण म्हणत होती की मूल आडवं आहे, डोकं कुशीला लागतंय.

"पाणी गेलंय का?" जोलीननं विचारलं.

"मी निघालो तोवर नव्हतं गेलं."

"मग वेळ आहे. थोडाच."

आम्ही पिशव्या घेऊन किनाऱ्यावर धावलो. सरोवर तेलासारखं शांत होतं. वारा नव्हता. लवमोर पाण्याच्या कडेला उभा होता, गुडघ्यांपर्यंत भिजलेला, आणि त्याची बोट वर वाळूत, मेखेला बांधलेली.

आमची पावलं ऐकून तो वळला. मला बघताच तो दोन पावलं मागे, पाण्यात गेला.

"लवमोर, झुंगाला जायचंय. चल, ढकल."

तो पाण्यातून हलेना.

"अरे, बाई अडलीय तिकडं."

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही आत्ताच गेलात."

"कुठं गेलो?"

"झुंगाला. तुम्ही चौघं. बोट मी ढकलली, ह्या हातांनी." त्यानं हात पुढे केले. ते ओले होते. मग त्यानं वाळूतल्या आपल्या बोटीकडे बघितलं. तिचा तळ कोरडा होता. नारिंगी ताडपत्री घडी करून आत ठेवलेली होती, जशी त्यानं रात्री ठेवली असेल. "हीच बोट," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी सगळं भाषांतर करून सांगितलं. ह्या वेळी चौघं हा शब्दही सांगितला, आणि चिपुंगाची गोष्टही. कोणी मला दोष दिला नाही.

तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. चिसांगाला ते आमच्या तीन दिवस आधी आले. मग काल्वेला दोन दिवस. मग चिपुंगाला एक. आणि आता काही मिनिटं.

तरीही मी म्हणालो, "पाणी शांत आहे. बोटीनं तास लागेल. लवमोरला भास झाला म्हणून त्या बाईला पाच तास ताटकळत ठेवणं मला पटत नाही."

डेलनं विचारलं, "तो खोटं बोलतो कधी?"

"माशाच्या लांबीबद्दल."

"पितो?"

"नाही."

लवमोर म्हणाला, "डॉक्टर, बोट घेऊन जा हवी तर. मी एकदा ढकललीय. पुन्हा ढकलणार नाही."

मग सगळे जोलीनकडे बघायला लागले. ती पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना असावी, अगदी छोटी. डेलनं टोपी काढून हातात धरली होती.

"आतापर्यंत ते जिथं पोचले, तिथलं काम झालेलं होतं," ती म्हणाली. "झुंगाला ते पोचले, तर चांगलंच. वेझीजवळ कोणीतरी असेल. आणि नाही पोचले, तर कोणीतरी दुसऱ्या वाटेनं जायला हवं. एकाच वाटेनं दोघांनी जायचं नसतं, मिस्टर लोंग्वे. बर्फात गाडी अडकली की आम्ही घरी असंच करतो."

"पाच तास, सिस्टर. त्यात ती गेली तर?"

"तर ते माझ्यावर. तुमच्यावर नाही."

तिनं पिशवी पाठीला बांधली आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागली. वाट कुठली हेही तिला ठाऊक नव्हतं. कोंडवानी धावत तिच्या पुढे झाला.

त्या चढणीवर मी तरण्या पोरांना थकून बसलेलं पाहिलंय. ती बाई एकदाही थांबली नाही. डेलनं तीन पिशव्या घेतल्या होत्या. ग्रेटाच्या टाचेची कातडी सोलली, रक्तानं मोजा बुटाला चिकटला, आणि ते आम्हाला झुंगाला पोचल्यावर कळलं.

साडेआठला आम्ही खिंडीत आलो. तिथून सोंडेच्या दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं. कोंडवानी पुढे उतरायला लागला होता. आम्ही घोटभर पाणी प्यायला थांबलो.

आणि वारा सुटला.

त्याला आम्ही म्वेरा म्हणतो. दक्षिणेकडून येतो, सूचना न देता. खाली बघता बघता निळं पाणी पांढरं झालं.

सोंडेच्या टोकाजवळ एक बोट होती.

ताडपत्री नारिंगी होती.

तीन तासांपूर्वी निघालेली बोट तिथं असायला नको होती. तोवर ती जाऊन परत आली असती. ती पुढे सरकत होती की नुसती थांबली होती, ते कळत नव्हतं.

आत चार माणसं. एकाच्या डोक्यावर कडा असलेली गवती टोपी.

मी हात डोक्याकडे नेला. माझी तसलीच टोपी माझ्या डोक्यावर होती.

"मम्मी," ग्रेटा म्हणाली. अगदी हळू. "तू हात हलवतेयस."

जोलीन तिच्या शेजारी उभी होती. दोन्ही हात पिशवीच्या पट्ट्यांवर.

खाली, बोटीच्या पुढच्या टोकाला, एक लहानशी आकृती उभी राहिली होती. लाटांच्या एवढ्या माऱ्यात ती उभी होती. एक हात वर.

"ती आपल्याकडेच बघतेय," ग्रेटा म्हणाली.

जोलीननं पट्टा सोडला. हात वर केला, आणि हलवला. बंदरावर आप्ताला निरोप देतात तसा, घाई न करता.

बोटीतला हात खाली गेला.

बोट सोंडेच्या काळ्या खडकामागे गेली. खडकाच्या पलीकडे मोकळं पाणी आहे. आम्ही पलीकडे बघत उभे राहिलो.

ती बाहेर आली नाही.

डेलनं टोपी छातीशी धरली होती. जोलीननं डोळे पुसले, पट्टा आवळला. "चला," ती म्हणाली. "वेझीचं पाणी जायच्या आत."

झुंगाला साडेदहाला पोचलो. किनाऱ्यावर कोणतीही बोट लागली नव्हती, कोणी पाहुणे आले नव्हते. झोपडीबाहेर बायका जमिनीवर बसल्या होत्या, आणि आम्हाला बघून त्या गायला लागल्या. सबंध आठवड्यात आमच्यासाठी गायलेलं ते पहिलं गाणं. डेल दारातच उभा राहिला आणि त्याचा चेहरा आवरता आवरेना.

वेझीचं पाणी गेलं नव्हतं. जोलीननं हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि वेझीच्या पोटावर ठेवले. झुंगाची म्हातारी सुईण समोर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर दोघींनीही मला गप्प केलं. एक डोकं ढकलायची, दुसरी कुल्ले. कळ आली की दोघी थांबायच्या, ओसरली की पुन्हा. चाळीस मिनिटं. मी घड्याळ धरून मुलाचे ठोके मोजत होतो. एका क्षणी पोटाचा आकार बदलला, जणू कोणीतरी झोपेत कूस पालटली, आणि म्हातारीनं जिभेनं टाळूवर आवाज केला.

संध्याकाळी पाचला मुलगी झाली. रडायला तिनं जरा वेळ घेतला, मग कोणाला बोलू दिलं नाही.

त्या सुईणीनं जोलीनचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले आणि मला म्हणाली, "हिला सांग, मी सत्तर वर्षांची आहे. माझ्यासारखे हात मी पहिल्यांदा बघितले." मी सांगितलं. जोलीन कुडाला टेकून बसली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. ग्रेटा तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावरूनच परत आलो. पुढचा आठवडा साधा गेला. जिथं गेलो तिथं आम्हीच पहिले होतो. काम पडलेलं होतं, ते केलं. डेलनं दोन पंप दुरुस्त केले, चौथा बोल्ट आधी घट्ट करून. सोंडेपाशी कोळ्यांना काही सापडलं नाही, फळकूट नाही, कापड नाही. लवमोरनं ताडपत्री बदलली. आता हिरवी आहे.

ते निघाले तेव्हा चिसांगाच्या बायका दवाखान्यापासून पाण्यापर्यंत गात आल्या. मी भाषण करणार होतो. जमलं नाही. मी डेलला एवढंच म्हणालो, "पुढच्या वर्षी रंग आणलात तरी चालेल."

डिसेंबरात जोलीनचं पत्र आलं. सगळे खुशाल. ग्रेटाला नर्स व्हायचंय, आणि आजीच्या बकरीला नमस्कार. वेझीच्या मुलीचं वजन किती, दात आले का, असं बरंच विचारलं होतं. शेवटचा परिच्छेद वेगळ्या शाईत होता.

'आम्ही शुक्रवारी घरी पोचलो. रविवारी आमच्या चर्चमध्ये गेलो तेव्हा पास्टरनी आदल्या रविवारी आम्ही सर्वांपुढे उभं राहून दिलेल्या अनुभवांच्या साक्षीबद्दल पुन्हा आभार मानले. त्या रविवारी, ती बोट दिसेनाशी झाल्यावर चार दिवसांनी, आम्ही तुमच्या चर्चमध्ये होतो, तुमच्या शेजारच्या बाकावर. लोक आम्हाला म्हणाले, तुम्ही फार थोडं बोललात, पण कोणी विसरणार नाही. त्या दिवशी कोणीतरी काढलेला फोटो सोबत पाठवतेय. आम्ही तो दुसऱ्या कोणाला दाखवलेला नाही. तुम्हाला दाखवणं मात्र आम्हाला प्रामाणिकपणाचं वाटलं.'

मी मलावीच्या बाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

फोटोत चौघं आहेत, वेदीपुढे, एका रांगेत. डेल, जोलीन, ग्रेटा, आणि कडेला मी, टोपी हातात धरून. चौघंही शांत, थोडेसे हसरे. मागे खिडकीत ऊन आहे. पायांखालचा गालिचा फिकट राखाडी आहे. फक्त आम्ही उभे आहोत तिथं तो काळा झालाय, आणि तो ओला डाग पहिल्या बाकापर्यंत पसरलाय.